खाडीपलीकडचा भाऊ

लग्नाला आठ महिने झाले तरी आम्ही दोघं मिळून कुठे म्हणजे कुठे गेलो नव्हतो. महाडच्या बाजारात भाजी आणायलासुद्धा नाही. हे पिशवी घेऊन पुढे जायचे, मी चार पावलं मागून. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं की मी थांबून गप्पा मारत राहायची, आणि तोवर हे कोपऱ्यावर वळून दिसेनासे व्हायचे. असं करायचं म्हणून कुणी ठरवलं नव्हतं. मला लाज वाटायची आणि यांना ते कळायचं, एवढंच.

माझे पहिले यजमान गेले तेव्हा मुलगा लहान होता. पुढची कितीतरी वर्षं मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका शाळेत मुलं शिकवली आणि कुणाला नाव ठेवायला जागा म्हणून दिली नाही. याचा मला भारी अभिमान होता. शाळेचा पाण्याचा पंप दर उन्हाळ्यात जळायचा, तो टेम्पोत घालून मी महाडला यांच्या दुकानात आणायची. जळलेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं यांचं दुकान. यांची बायको जाऊनही बराच काळ लोटला होता. पंपापासून गोष्ट लग्नापर्यंत कशी गेली ते सांगत बसत नाही. शेवटच्या वर्षी पंप वाजवीपेक्षा जास्त वेळा जळायला लागला, इतकं सांगते.

लग्न रजिस्टर केलं. मुलगा पुण्याहून आला, साक्षीदार म्हणून सही केली, जेवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. शाळेच्या गावातल्या म्हाताऱ्या मात्र 'बाईंनी पाट लावला' असं म्हणायच्या. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. पूर्वी ते काळोखात उरकायचे, ना वाजंत्री ना पंगत, असं माझ्या पहिल्या सासूबाई सांगायच्या. म्हाताऱ्या हे माझ्या तोंडावर म्हणायच्या, तेही मायेने, चहाचा कप हातात देता देता. वाईट कुणीच बोललं नाही. मलाच ते दिवसभर कानात वाजत राहायचं.

गेल्या जानेवारीत सुट्ट्या जोडून आल्या तेव्हा समुद्र बघायला जाऊ या, हा विषय यांनी काढला. मी आढेवेढे घेतले. मग यांनी हुकमाचं पान टाकलं. तिकडे आपल्याला कोण ओळखतंय, म्हणाले. माणूस बायकोला फिरायला नेताना काय काय आमिषं दाखवतो, आणि माझ्या नवऱ्याला हे आमिष दाखवावं लागलं. तेव्हा मात्र मला त्याचं काही वाटलं नाही. मी लगेच हो म्हटलं.

पहाटे निघायचं मीच ठरवलं. उशीर केला तर ऊन लागेल, असं कारण दिलं. जानेवारीत, दात वाजत असताना. हे व्हॅन पुसायला गेले. व्हॅन दुकानाची, मागच्या सीट काढून टाकलेली, मोटारी ठेवायला. आत कायम वार्निशचा वास. मागे आमची एक बॅग, थर्मास, उकडलेली अंडी, आणि यांनी हट्टाने घेतलेली वालाच्या शेंगांची पिशवी आणि भांबुर्ड्याच्या पाल्याची जुडी. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. समुद्रावर पोपटी कसली लावता, असं मी म्हटलं, तर यांनी एक रिकामं मडकंही गोणपाटात गुंडाळून आणलेलं.

टोळ फाट्यावरून आत वळलो तेव्हा उजाडलं. म्हसळ्याला चहा घेतला. रस्त्यात कुठे विहिरीवर पंप चालू दिसला की हे गाडी हळू करून कान द्यायचे आणि त्या पंपाचं दुखणं मला समजावून सांगायचे. एका ठिकाणी तर उतरून मालकाला हाक मारायला निघाले होते. मी त्यांना ओढून आणलं. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. इतकी मी कधी हसले होते ते मला आठवेना.

श्रीवर्धनच्या लॉजवरच्या माणसाने मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही. आमची दोन्ही कार्डं घेतली, झेरॉक्स काढली, किल्ली पुढे सरकवली. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांमागे सूर्य गेला होता, वाळू गार पडायला लागली होती. यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात जाऊन उभे राहिले. मी स्वेटरच्या गळ्यातून मंगळसूत्र बाहेर काढलं आणि वर घातलं. घराबाहेर असं पहिल्यांदाच. हे वळून बघतील असं वाटलं, आणि बघितलंही यांनी. मग तिथे फिरणाऱ्या कुणाला तरी हाक मारून म्हणाले, जरा आमचा जोडीचा फोटो काढता का?

दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर करून बागमांडल्याला आलो. तिथून गाडीसकट फेरीबोटीत बसून पलीकडे जायचं. मधे खाडी. ही आमचीच सावित्री. पोलादपुरावरून खाली येते, महाडला वळसा घालते आणि इथे समुद्राला मिळते. पुरात यांचं दुकान छपरापर्यंत बुडालं होतं, सगळ्या मोटारी चिखलाने भरल्या होत्या. बोटीच्या कठड्याला टेकून हे बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होते. इथे कशी गरीब होऊन आलीय बघा, म्हणाले. मी यांचा हात धरला. आजूबाजूला माणसं होती, मोटरसायकली होत्या, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका होत्या. कुणी आमच्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, झालं, संपलं माझं लाजणं.

बाणकोटच्या पुढे रस्ता डोंगराच्या कडेने जातो. एका बाजूला जांभ्याची कापलेली दरड, दुसऱ्या बाजूला खाली थेट समुद्र. ना गाडी, ना माणूस. एखाद्या वळणावर चार घरं, माडाच्या झावळ्या, अंगणात वाळत घातलेली सुकट, आणि पुन्हा रिकामा रस्ता. अशाच एका गावात 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी बघून आम्ही थांबलो. सारवलेलं अंगण, पुढे पडवी, मागे पोफळीची वाडी. घरची मालकीण चाळिशीची असेल. हसत बाहेर आली. कुठून आलात विचारलं. हे म्हणाले, महाडहून.

"अगो बाय," ती म्हणाली, "माझं म्हायेर नात्याला."

नातं म्हणजे महाडवरून रायगडाकडे जाताना लागतं ते गाव. यांच्या दुकानात तिथले अर्धे पंप येतात. माझ्या शाळेतली एक सहशिक्षिका तिथली. मालकीण आपले भाऊ, भावजया, कुणाची शेती कुठे, हे सांगत होती आणि मी शाल गळ्याभोवती घट्ट ओढून घेत होते. मग तिने कार्डं मागितली. हल्ली पोलीस विचारतात, म्हणाली. माझ्या कार्डावर अजून जुनंच आडनाव आहे. नोकरीच्या कागदांपासून बँकेपर्यंत सगळीकडे तेच, बदलायचं म्हटलं तर निवृत्तीच येईल. तिने एक कार्ड बघितलं, मग दुसरं. मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं, "भाऊ का ओ तुमचे?"

तिने ते वाईट मनाने विचारलं नाही. दोन आडनावं, दोन पिकलेली डोकी, जे सहज सुचलं ते तिने विचारलं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "हो."

हे व्हॅनमधून बॅग काढत होते. यांनी बॅग खाली ठेवली, आणि पुन्हा उचलली.

समुद्राकडच्या खोलीत पुण्याची एक नवी जोडी उतरलेली. उरली एक खोली, तिच्यात एकच पलंग. तो बहीणभावाला कसा द्यायचा, म्हणून मालकिणीने आपणहून सोय लावली. मी आत तिच्या नणंदेपाशी झोपायचं आणि यांना पडवीत खाट. पडवीत थंडी वाजेल, असं मी म्हटलं. हे म्हणाले, "असू दे ताई, मला सवय आहे."

ताई. दुकानात पहिल्या दिवसापासून हे मला बाई म्हणत आलेत, शाळेतल्या बाई म्हणून. लग्नानंतरही बाईच. तो 'ताई' यांनी इतक्या सरळ आवाजात म्हटला की मला वाटलं, चिडले असते तर बरं झालं असतं. मी हात धुवायच्या निमित्ताने न्हाणीत गेले आणि मंगळसूत्र काढून पर्समधे टाकलं.

संध्याकाळी यांनी अंगणापलीकडच्या मोकळ्या जागेत पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मीठ, ओवा, शेंगा, वर पुन्हा पाला, आणि मडकं उलटं ठेवून भोवती गवत नि काटक्यांचा जाळ. मालकीण हरखून गेली. माहेर सोडल्यापासून खाल्ली नव्हती म्हणे. पुण्याची जोडी थोडं खाऊन किनाऱ्यावर फिरायला गेली. आम्ही चौघं शेकत, शेंगा सोलत बसलो. चौथी ती नणंद. तिशी ओलांडलेली, हडकुळी, शांत. नवरा मुंबईला कामाला होता, अपघातात गेला. मूलबाळ नाही. तीन वर्षांपासून ती भावाच्या घरी येऊन राहिली होती आणि सगळं रांधप तीच करायची. भाऊ कामासाठी रत्नागिरीला गेला होता.

मालकीण यांची फार स्तुती करत होती. विधवा बहिणीला गाडीत घालून समुद्र दाखवायला आणतो, असा भाऊ मिळायला नशीब लागतं, म्हणाली. हे निखारे सारखे करत राहिले. मी विधवा आहे असं मी तिला सांगितलंच नव्हतं. पण गळ्यात काही नाही, सोबत भाऊ, यावरून तिने बरोबर ते ताडलं. माझ्या जिवंत नवऱ्यासमोर तिने मला विधवा म्हटलं आणि मी शेंग सोलून दाणे तोंडात टाकले.

मग, मी शाळेत शिकवते हे कळल्यावर, तिने मनातला विषय काढला. दापोलीकडच्या एका बायको वारलेल्या माणसाने नणंदेला मागणी घातली होती. माणूस चांगला, स्वतःचं किराणा दुकान. भाऊ तयार, मालकीण स्वतःही तयार. अडलं होतं ते नणंदेपाशी. लोक काय म्हणतील यापलीकडे ती जात नव्हती. आपल्यात कुणी करत नाही, हे तिचं एकच पालुपद.

"तुमी शाळेतल्या बाई, चार गावं बघितलेल्या," मालकीण मला म्हणाली. "तुमीच सांगा हिला. तुमच्या महाड-पोलादपूरकडं करतं का नाय कोन असं?"

नणंदेने हातातली शेंग तशीच धरली आणि माझ्याकडे बघितलं. हेही थांबले. यांनी मान वर केली नाही, पण हातातली काटकी थांबली ते मला दिसलं. मला अजूनही कळत नाही की मी 'करतात की' एवढं का म्हणाले नाही. स्वतःचं नाव सांगायची गरज नव्हती. पण मला वाटलं, हो म्हटलं की ही विचारणार कोण, कुठली, आणि मी फसणार. नात्याला तिचे भाऊ, तिथून बातमी महाडला, महाडवरून शाळेच्या गावात. जी बातमी सगळा तालुका आठ महिन्यांपूर्वीच ऐकून विसरला होता, ती फुटेल म्हणून मी घाबरले.

"आमच्याकडे नाही करत कुणी," मी म्हणाले.

"बघितलंस ना वैनी," नणंद म्हणाली. तिचा चेहरा पडलासुद्धा नाही. आतलं काहीतरी पक्कं झाल्यासारखी ती पुढची शेंग सोलायला लागली. मालकीण राख झटकून उठली. हे म्हणाले, "ताई, शेंगा घ्या अजून." मी घेतल्या. शिकवलेल्या मुलांपैकी एकानेही कधी वर्गात एवढं खोटं बोलून दाखवलं नसेल, आणि त्यासाठी मी पोरांना बाकावर उभं केलेलं आहे. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात, ते मला त्या रात्री नणंदेच्या शेजारी अंथरुणावर पडून खरं वाटलं.

यांना धुराने खोकला होतो. पडवीतून तो ऐकू येत होता. पहाटे मला राहवेना. आवाज न करता उठले, माझी शाल यांच्या अंगावर घातली, पायांखाली नीट खोचली. हे जागे होते. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. मी मागे वळले तर नणंद दारात तांब्या घेऊन उभी होती. ती मागीलदारी गेली.

सकाळी घावणे खाऊन निघायची तयारी झाली. पुण्याची जोडीही निघत होती. मालकीण कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली. त्या मुलीला हळदीकुंकू लावलं, ओटीत नारळ आणि ओली सुपारी घातली, पुढच्या खेपेला तिघं या म्हणून चिडवलं. मग माझ्याकडे आली. करंडा तिने शेजारच्या कट्ट्यावर ठेवून दिला, मला खटकू नये म्हणून जरा आडोशालाच, आणि नुसता नारळ माझ्या हातात दिला. इतक्या हळुवारपणे दिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, गेलेल्याची आठवण झाली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

यांनी बॅग व्हॅनमधे ठेवली होती. मालकीण त्यांच्याकडे वळली.

"भाऊ, वैनींना का नाय आणलंत ओ?"

मला वाटलं, आता हे सांगणार. सांगावं असं वाटलं, आणि सांगू नये असंही. हे रुमालाने समोरची काच पुसत होते. पुसत पुसतच म्हणाले, "आणायचं होतं. तिला नाही जमलं यायला."

"पुढच्या टायमाला आणा," मालकीण म्हणाली.

"बघू. तिच्यावर आहे," हे म्हणाले आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला.

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. हे खरं तेच बोलले होते. मी व्हॅनमधे जाऊन बसले, दार ओढून घेतलं. आत वार्निशचा वास होता, समोर काल फेरीबोटीवर घेतलेलं तिकीट होतं. तिथे मी यांचा हात धरला होता, त्याला अजून एक दिवसही उलटला नव्हता. माझे कान गरम झाले होते. मला माझं तोंड आरशात दिसत होतं आणि ते बघवत नव्हतं.

हे पैसे द्यायला मालकिणीसोबत आत गेले. येऊन स्टिअरिंगवर बसले तेवढ्यात नणंद वाडीकडून धावत आली. तिच्या हातात कोकमाची पिशवी होती. ती माझ्या बाजूच्या खिडकीपाशी आली, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, पण गेली नाही. मागे घराकडे बघून घेतलं. मग एकदा यांच्याकडे, आणि मग माझ्याकडे.

"बाई, एक विचारू?" ती म्हणाली. "बरं असतं का ओ?"

काय ते तिने सांगितलं नाही, आणि मला विचारावं लागलं नाही. हे समोर बघत बसले होते, किल्लीवर हात ठेवून. मी म्हणाले, "हो. बरं असतं. फार बरं असतं."

"मग काल नाय का म्हनालात?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. फळ्यासमोर उभी राहिल्यावर मी कधी अडत नाही, मुलांनी काहीही विचारलं तरी मला उत्तर सुचतं. तिथे मी नुसतं तोंड उघडलं. घरातून मालकिणीची हाक आली, "कुठं गेलीस गो?" नणंद जरा वेळ थांबली. मग वाडीच्या बाजूने निघून गेली, वळून न बघता.

यांनी गाडी सुरू केली. गाव संपून मंडणगडचा चढ लागतो, तिथल्या पहिल्या वळणावर यांनी गाडी कडेला घेतली. खाली ते घर अजून दिसत होतं, पोफळीच्या शेंड्यांमधून. कालपासून पहिल्यांदा हे माझ्याकडे नीट वळून बघत म्हणाले, "बाई, परत जाऊ या का? पाच मिनिटं लागतील. तिला सांगून येऊ."

मी नको म्हटलं.

यांनी जरा वेळ वाट बघितली, मी काही बदलते का म्हणून. मग गिअर टाकला.